सांध्यावरचा दोरा

मी पूल बोलतोय. नदीवरचा नव्हे, टेबलावरचा. हातभर लांब, लाकडी पट्ट्यांचा. माझ्यावरून कधी मुंगीसुद्धा गेली नसेल, पण माझ्या मजबुतीची खात्री मी छातीठोकपणे देतो.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन मुलींनी मला घडवलं. दोघी दोन वेगळ्या देशांतून शिकायला आलेल्या. एक आधी कागदावर रेघा मारायची, सरांनी मान डोलावल्याशिवाय पट्टीला हात लावायची नाही. दुसरी आधी कापायची, मोडलं की हसायची आणि पुन्हा कापायची. वर्कशॉपच्या मामांनी त्यांची नावं ठेवली, मोजणी आणि मोडणी.

मोडणी वयानं मोठी, म्हणून मोजणी तिला ताई म्हणायची.

"ताई नको म्हणू गं, माझे गुडघे दुखायला लागतात," मोडणी म्हणायची.

माझ्यावर वजनं टांगून परीक्षा होणार होती. मी मोडलो तर दोघी नापास, आणि मोजणीची शिष्यवृत्ती जाऊन तिला शिक्षण सोडून घरी परतावं लागणार. तिच्या आईचा रोज फोन. "जेवलीस का? पूल झाला का?"

माझा मधला सांधा कच्चा होता. गोंद वाळायच्या आत मोडणीनं मला उचललं होतं. मोजणीनं ते पाहिलं, पण ताईला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप त्या सांध्यावर दोरा गुंडाळत बसली.

"हा कशाला?" मोडणीनं विचारलं.

"असाच."

"असाच कोणी बांधतं का? नीट सांग."

"ताई, सांधा कच्चा आहे."

"मग काल काय तोंडात गोंद होता?"

"आमच्याकडे मोठ्यांची चूक काढत नाहीत."

"आमच्याकडे नाही काढली, तर हिला आपली काळजीच नाही असं समजतात."

मग मोजणीनंच मला हातात घेतलं आणि दोरा सोडवून सांधा कडकन मोडला. सरांना न विचारता. मोडणी बघतच राहिली. हातातलं कटर खाली ठेवून म्हणाली, "तू रेघ मार. मग मी कापते."

नवा गोंद वाळेपर्यंत मोडणी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. वाळल्यावर तोच दोरा तिनं परत गुंडाळला.

"आता कशाला?"

"असाच."

परीक्षेत मी जरा कुरकुरलो, पण वाकलो नाही. सरांकडची वजनं संपली. मोजणीनं आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. जेवलीस का?"

आता मी वर्कशॉपच्या कपाटावर असतो. धूळ साचली की मामा फुंकर मारतात. नव्या मुलांना वाटतं, दोऱ्यानंच मला तोलून धरलंय. कोणी तो सोडायला जातं.

नका सोडू, पोरांनो. भार त्यानं पेलला नाही, हे खरं. पण घशात अडकलेलं बोलणं त्यानंच बाहेर काढलं.