शेजारून धावणारं पाऊल

मित्रांनो, चिखलाशी माझी जन्माची मैत्री आहे. तुमच्या सायकली चिखल दिसला की वळसा घालून जातात. मला मात्र मुद्दाम त्यात घुसण्यासाठीच घडवलं गेलं. मी सायक्लोक्रॉसच्या शर्यतीची सायकल आहे. आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या निळ्या रंगाचे पोपडे निघालेत आणि ब्रेक दाबला की मी अशी किंचाळते की कुत्री दचकून उठतात.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय ते आधी सांगते. थंडी पडू लागली की या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. माळावर, वाळूत, झाडीत दोन्ही बाजूंना फीत बांधून एक वाकडीतिकडी वाट आखतात आणि तिच्या फेऱ्या मारायच्या असतात. मध्येच आडव्या फळ्या लावलेल्या असतात, मध्येच असा चढ येतो की पेडल मारून काही उपयोग नाही. तिथे स्वाराने पळत्या सायकलवरून उतरायचं, ती उचलून खांद्यावर घ्यायची आणि धावत सुटायचं. म्हणजे बघा, जिने माणसाला वाहायचं, तिलाच माणूस वाहतो. हा मान फार थोड्या सायकलींच्या वाट्याला येतो.

मला एका वेल्डरने बनवलं. एरवी तो दवाखान्याच्या खाटा जोडायचा. त्याने माझी वरची नळी खालून थोडी चपटी केली, खांद्याला टोचू नये म्हणून. ज्या बाईसाठी मी तयार झाले तिला सगळे धाकटी म्हणत. ती बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते दिवसभर माइकवरून सांगायची, आणि तरीही बोलून तिचं पोट भरायचं नाही. मला खांद्यावर टाकून चढ चढतानासुद्धा तिच्या तोंडाचा पट्टा चालूच! "अगं बाई, मेले! हा डोंगर कुणी आणून ठेवला इथे? चल गं निळे, जड होऊ नकोस!" तिची पावलं छोटी छोटी आणि भरभर पडायची. शर्यत संपली की तिचा नवरा मला पाइपाखाली धरून धुवायचा. ते शाळेत भूमिती शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्या चेनच्या प्रत्येक कडीतला गाळ ते जुन्या टूथब्रशने काढायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका उन्हाळ्यात धाकटीला ताप आला. साधा वाटला होता. तो साधा नव्हता.

मास्तरांनी मला मागच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि दार ओढून घेतलं. माझ्या टायरमधली हवा हळूहळू गेली. चेनवर तांबूस गंज चढला. मला त्यांचा राग आला नाही. ते दारापर्यंत यायचे, कडीवर हात ठेवायचे आणि परत जायचे. मला आतून ऐकू यायचं.

शेवटी ते दार उघडलं धाकटीच्या थोरल्या बहिणीने. ती चष्मे बनवायची. पन्नाशीला टेकलेली, उंच, कमी बोलणारी. तिला सगळे ताईच म्हणत.

"मास्तर, ही मी नेते," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही चालवणार?"

"नाहीतर काय, भिंतीला टांगून बघत बसणार?"

तिने मला दुरुस्त करवून घेतलं, माझी सीट तिच्या उंचीला वर केली आणि रिकाम्या माळावर सराव सुरू केला. ती किती वेळा पडली म्हणून सांगू! फळ्यांपाशी तर आम्ही दोघी एकमेकींवर पडायचो. उठून, कपडे झटकून ती एवढंच म्हणायची, "पुन्हा." हंगाम तोंडावर आला तेव्हा तिने बायकांच्या हौशी गटात नाव दिलं. धाकटीने त्या हंगामासाठी नाव देऊन ठेवलं होतं, तिच्या जागी आपण उतरायचं, इतकाच तिचा विचार होता.

सुरुवातीच्या शर्यती एकाच माळावर होत्या. माळाच्या टोकाला दाट झाडी आणि तिच्यापलीकडे बंद पडलेली दगडाची खाण. खाणीत पाणी साठून त्याचा काळा तलाव झाला होता. शर्यतीची वाट झाडीतला चढ चढून, तलावाकडे पाठ फिरवून पुन्हा माळावर उतरायची. त्या वळणावर एक निवृत्त पोस्टमन हातात निशाण घेऊन उभे असत. सगळे त्यांना निशाणकाका म्हणायचे.

पहिल्या शर्यतीला सकाळ वर आली तरी धुकं हटलं नव्हतं. शिट्टी झाली, सगळ्या बायका सुसाट सुटल्या आणि आम्ही बघता बघता मागे पडलो. झाडीत शिरलो तेव्हा पुढेमागे कुणीच नव्हतं. चढापाशी ताई उतरली, तिने मला खांद्यावर घेतलं आणि ती धावू लागली. फच्च, फच्च. तिचे बूट चिखलात रुतत होते.

आणि अगदी शेजारून आणखी एक आवाज आला. फच्च, फच्च.

ताई थबकली. तो आवाजही थबकला. ती निघाली, तोही निघाला.

शर्यत संपल्यावर निशाणकाका पाण्याची बाटली घेऊन आले. "छान पळालात. आणि तुमची जोडीदारीण कुठे गेली? प्रत्येक फेरीला दोघी बरोबरच चढत होतात की!"

ताईच्या हातातली बाटली तशीच राहिली. "कशी होती ती?"

"धुक्यात काय दिसणार? पण तुमच्याएवढीच उंच होती."

ताई मान खाली घालून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. ती इतकंच पुटपुटली, "आली माझी बाय."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर! धाकटी ताईच्या खांद्याला लागायची. तिची पावलं छोटी आणि भरभर पडायची. हे पाऊल लांब होतं, सावकाश होतं, आणि दर वेळी ताईच्या पावलानंतर किंचित उशिरा पडायचं. कुणीतरी गिरवत बसावं तसं. मी धाकटीला कैक मैल वाहिलं होतं. ही ती नव्हती.

दुसऱ्या शर्यतीत ते आणखी जवळ आलं. ताई मला घेऊन चढू लागली आणि माझ्या सीटखाली मागून एक हात लागला. मला उचलून धरणारा हात. थंडी लोखंडाला नवी नसते, पण तो गारवा माझ्या नळ्यांच्या आतून फिरला, जिथे वाराही पोचत नाही. ताईला मी हलकी झाल्याचं जाणवलं. ती हसली. "आलीस?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर प्रत्येक फेरीला ती झाडीत मुद्दाम हळू चालू लागली. आम्ही सगळ्यांत शेवटी आलो, तरी तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की बाकीच्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या.

घरी मात्र तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी तिच्या कामाच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी उभी असायचे. यंत्र चालू ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसायची. एका आजोबांना तिने डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. ते बिचारे दारातच उंबऱ्याला अडखळले. तिने दिवसेंदिवस मला पुसलंही नाही. झाडीतला चिखल माझ्या अंगावर वाळत राहिला.

मास्तर तिला भेटायला आले तेव्हा माझी ही दशा बघून चमकले. त्यांनी बादली आणि फडकं घेतलं आणि ते माझ्यापाशी बसले.

"मास्तर, एक सांगू? वेडी म्हणणार नाही ना?" ताई म्हणाली. "ती येते. झाडीत माझ्याबरोबर धावते. हातही लावते सायकलला."

मास्तरांचा हात माझ्या चाकावर थांबला. त्यांनी विचारलं, "काय म्हणते?"

"काही नाही. गप्प असते."

"गप्प?"

"हो. एक शब्द नाही."

मास्तरांनी फडकं बादलीत टाकलं. "ताई, ती झोपेतसुद्धा गाड्यांची नावं घ्यायची. ती तोंड मिटून चढ चढली असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"तुम्हाला दिसली नाही म्हणून पोटात दुखतंय तुमच्या!" ताई ताडकन म्हणाली.

मास्तर उठले. "मलाही ती हवी आहे, ताई. तुमच्याइतकीच हवी आहे. पण ती हवी आहे. दुसरं कुणी नको." असं म्हणून त्यांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि ते निघून गेले. ताई दार लावायलाही उठली नाही.

तिसऱ्या शर्यतीला धुकं इतकं होतं की पुढचं चाक मला कसंबसं दिसत होतं. पहिल्या फेऱ्या नीट गेल्या. मग झाडीतल्या चढावर ताईने मला खांद्यावर घेतलं आणि ते पाऊल आलं. या खेपेला ते शेजारी नव्हतं, पुढे होतं. वळणापाशी वाट माळाकडे उतरत होती. पाऊल तिकडे वळलंच नाही. ते सरळ गेलं, फितीखालून, खाणीकडे.

ताईही फितीखालून वाकून गेली.

माझं पेडल फितीत अडकलं. तिने झटका देऊन ते सोडवलं. ब्रेकची तार झुडपात गुंतली, तीही तिने ओढून काढली. खाली दगड सुरू झाले, मग दगडांवर शेवाळ. गार वाफ अंगावर येऊ लागली. पुढे पाऊल चालतच होतं, आणि मग त्याचा आवाज बदलला. फच्च असा येत नव्हता. चुळुक, चुळुक असा येऊ लागला. ते पाण्यात शिरलं होतं, आणि थांबत नव्हतं.

ताईच्या बुटांत पाणी गेलं. मग घोट्यापर्यंत. मी तिच्या खांद्यावरून खाली घसरले आणि माझं पुढचं चाक तळ शोधत खाली गेलं. त्याला तळ लागला नाही. तिच्या पुढच्याच पावलाशी कडा संपत होती.

"थांब ना," ताई म्हणाली. "काहीतरी बोल ना गं."

आवाज थांबला. धुकं अगदी स्तब्ध झालं. आणि मग पाण्याच्या मधून, ताईच्याच आवाजात, तिच्याच धापेसकट उत्तर आलं.

"काहीतरी बोल ना गं."

ताईचा हात माझ्या नळीवर असा आवळला की मला वाटलं मी वाकेन. तिने मागे एक पाऊल टाकलं. "कोण आहेस तू?"

"कोण आहेस तू?"

तेवढ्यात माळावर घंटा वाजली. शेवटची फेरी सुरू झाली की आयोजक ती वाजवतात. ताईने मला उचललं, पाठ फिरवली आणि ती धावू लागली. आणि जन्मभर कमी बोललेली ती बाई तोंडाला येईल ते बोलत सुटली. "मेलं ते शेवाळ! मेले हे दगड! निळे, हल, जड होऊ नकोस! काय हा चिखल, शी! मास्तर, अहो मास्तर!" शेवटी ती रडत होती की ओरडत होती ते मला कळलं नाही. मागे पावलं वाजत होती, पण तिच्या बोलण्याखाली ती दबून गेली. आम्ही फितीखालून बाहेर पडलो, तेव्हा निशाणकाकांच्या हातून निशाणच गळून पडलं.

"अहो, कुठे गेला होतात?"

"तुम्ही मला हाक का नाही मारली, काका?"

"मारली की! तुम्हीच उत्तर दिलंत, 'मी ठीक आहे, येतेच.' तुमचाच आवाज होता."

ताईने तसं काही म्हटलंच नव्हतं, मित्रांनो. मी तिच्या खांद्यावरच होते.

ती शर्यत आम्ही पूर्ण केली. सगळ्या बायका कपडे बदलून गेल्या होत्या. शर्यत संपते त्या रेषेपाशी फक्त मास्तर उभे होते, हातात कोरडा टॉवेल घेऊन. ताई माझ्यावरून उतरली आणि म्हणाली, "ती नव्हती, मास्तर." त्यांनी मान हलवली. मग ती दोघं चिखलातच बसली आणि धाकटी गेल्यापासून पहिल्यांदाच एकमेकांसमोर रडली. ती काय काय बोलायची, कशी भांडायची, घोषणा करताना मध्येच कशी शिंकायची, ते एकमेकांना सांगत बसली. अंधार पडायच्या आत मास्तरांनी मला पाइपाखाली धरलं. त्यांच्या खिशात टूथब्रश होता.

आयोजकांनी ती वाट झाडीतून काढून टाकली. खाणीभोवती कुंपणही घातलं. आम्ही तो हंगाम पूर्ण केला, त्यानंतरचेही बरेच केले. ताई कधी पहिली आली नाही. पण तिच्याइतकी बडबड करत धावणारी बाई त्या गटात दुसरी नव्हती. नवीन मुली हसायच्या. हसू देत.

आता मी थकले आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याला मागच्या खोलीत कोंडून ठेवू नका. त्याच्यात हवा भरा, त्याला तेल द्या, बाहेर न्या. चिखलातून आलात की झोपायच्या आधी त्याला धुवा. आणि जे माणूस तुमच्यातून गेलं आहे, त्यालाही असंच जपा. नुसता फोटो पुसू नका. ते कसं हसायचं, किती उंच होतं, पाऊल कसं टाकायचं, कशावरून चिडायचं, हे एकमेकांना सांगत राहा. त्याची एकही खोड विसरू नका. कारण कधीतरी धुक्यात तुमच्या शेजारून कुणी चालू लागलं, तर ते कोण आहे हे तुमचं तुम्हालाच ओळखावं लागेल. तुमच्या सायकलीला ते ठाऊक असेल, पण तिला सांगता येणार नाही.