पावडरीनंतरची दोन मिनिटं

दुर्बिणीने पोटाचं ऑपरेशन करण्यात डॉक्टरांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, आणि पंचाईत नेमकी तीच होती. कोणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता.

भानगड पावडरीची. पोटाला चार बारीक भोकं पाडून आत काम चाललेलं असतं आणि मध्येच यकृतावरून रक्त झिरपायला लागतं. एखादी शीर फुटली तर तिला चिमटा लावता येतो. पण घामासारखं सगळीकडून पाझरणाऱ्या रक्ताला चिमटा लावणार कुठे? तिथे लांब नळीतून पांढरी पावडर फुंकतात. पावडर रक्तातलं पाणी शोषते, खपली धरते, रक्त थांबतं. अट एकच, दोन मिनिटं तिथे काही लावायचं नाही. बरं, ही दोन मिनिटं काढायची तीही आंधळ्यासारखी, कारण पावडर आत उधळते आणि पडद्यावर पांढऱ्याखेरीज काही म्हणून दिसत नाही.

डॉक्टर हे लिफ्ट यायच्या आत जिन्याने वर पोचून पुन्हा खाली येऊन लिफ्टवर ओरडणारे गृहस्थ. त्यांना कुठला धीर निघतोय? दहाव्या सेकंदाला चिमटा आत, खपली बाहेर, रक्त पुन्हा सुरू. पुन्हा पावडर, पुन्हा चिमटा. एका भल्या माणसाच्या पित्ताशयापायी पावडरीच्या चार नळ्या आणि रक्ताच्या दोन पिशव्या संपल्या, तेव्हा रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी समिती बसवली.

समितीने तीन बैठका घेऊन ठराव केला. 'हस्तसंयम पर्यवेक्षक' असं पद निर्माण करावं. पर्यवेक्षक हजर असल्याशिवाय डॉक्टरांनी ऑपरेशन करू नये. आणि डॉक्टर कोणी न सांगता एकदा जरी दोन मिनिटं थांबले, तर पद त्याच दिवशी रद्द व्हावं. पहिल्यांदा दारावरच्या रखवालदाराला नेमलं. तो अंगापिंडाने दांडगा होता, पण पडद्यावर यकृत बघताच आडवा झाला. मग कोणाच्या तरी डोक्यातून डॉक्टरांच्या चौथीच्या बाई निघाल्या.

बाई निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. घरात एकट्याच. रोजच्या वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने गोल करून तो अंक त्या संपादकांना परत पाठवत. संपादकांनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं. रुग्णालयाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी त्यातल्या तीन चुका सुधारल्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या अर्धा तास आधी हजर झाल्या.

पहिल्याच दिवशी पावडर फुंकली गेली, पडदा पांढरा झाला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून बाईंचा आवाज आला, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

पन्नाशीच्या डॉक्टरांचं बोट खरोखरच तोंडाकडे निघालं. थोरल्या सिस्टर किंचाळल्या, "अहो, मास्कला हात नाही लावायचा! आणि घडी पण नको, काखेला हात लागला की हातमोजे बाद!"

बराच खल झाला. शेवटी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून छातीशी धरायची, असं ठरलं. दोन मिनिटं जावीत म्हणून वर एकोणतीसचा पाढा. डॉक्टर चौथीतही एकोणतीस सत्त्याला अडायचे आणि अजूनही अडत, त्यामुळे वेळ बरोबर भरायची. मग बाई वहीत शेरा लिहीत: 'वर्तन बरे. चुळबूळ फार.' तीन वर्षांत एकाही रुग्णाची खपली निघाली नाही.

आणि मग एके दिवशी बाईंच्याच पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे, तेही डझनभर.

"दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, बाई," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही स्टुलावर नसाल तर माझे हात माझं ऐकायचे नाहीत."

"दुसऱ्याला मी शिकवलेलं नाही. तूच कर."

घोडं अडलं ठरावावर. पर्यवेक्षक हजर असल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि पर्यवेक्षकच टेबलावर. मोठ्या साहेबांनी ठराव उलटासुलटा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हजर असावं, एवढंच लिहिलंय. जागं असावं असं कुठे म्हटलंय?" तेव्हा बाईंनी रुग्णाच्या कपड्यांतच हजेरीपटावर सही केली, वेळ टाकली आणि टेबलावर जाऊन आडव्या झाल्या. "लक्ष आहे हं माझं," असं म्हणता म्हणता त्यांना भूल चढली.

काम झकास चाललं होतं. पित्ताशय सुटलं, आणि त्याच्यामागे यकृताची सगळी गादी पाझरायला लागली. बाईंचं रक्त बघून डॉक्टरांना आधी भीती वाटली आणि मग स्वतःचाच राग आला. त्यांनी पावडर फुंकली. पडदा पांढराफटक झाला.

स्टूल रिकामं होतं.

डॉक्टरांचे हात शिवशिवायला लागले. आत काय चाललंय? थांबलं की वाहतंय? जरासं पुसून बघितलं तर? शेजारच्या मदतनीस डॉक्टरीणबाईंनी धीर करून "हाताची..." एवढं म्हटलं, पण डॉक्टरांनी असं बघितलं की पुढचा शब्द त्यांनी गिळला. चिमटा भोकाशी गेला. थोरल्या सिस्टरांनी डोळे मिटून घेतले.

आणि तिथेच डॉक्टरांनी चिमटा ताटलीत टाकला. बोटं एकमेकांत गुंतवली, छातीशी घट्ट धरली.

"एकोणतीस एके एकोणतीस," ते पुटपुटले. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." कोणी सांगितलं नव्हतं, स्टुलावरून कोणी बघत नव्हतं, आणि मोठा डॉक्टर घामाने निथळत पाढा म्हणत होता. सहापर्यंत गाडी नीट आली. "एकोणतीस सत्ते..." पुढे काही सुचेना. भुलीचे डॉक्टर सांगायला तोंड उघडणार, तोच सिस्टरांनी त्यांचा पाय तुडवला. "सत्ते... एकोणतीस सत्ते..." आणि त्या अडखळण्यातच आतलं धुकं बसलं.

यकृत कोरडं होतं. खपली जिथल्या तिथे.

"जमलं की हो, डॉक्टर!" सिस्टर म्हणाल्या. "तुमचं तुम्हाला जमलं!" डॉक्टरांना आनंदाने रडू फुटायच्या बेतात होतं, आणि त्याच क्षणी त्यांना ठरावाची शेवटची ओळ आठवली. पद रद्द. मग बाई, ते रिकामं घर आणि लाल पेन. टाके घालता घालता त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाकडे एकदा बघितलं. सगळ्यांना कळलं.

दुपारी बाई नीट जाग्या झाल्या तेव्हा खाटेशी डॉक्टर होते आणि पद रद्द करायचा कागद घेऊन मोठे साहेब.

"काय रे, थांबलास?" बाईंनी विचारलं.

"नाही हो बाई. दहाव्या सेकंदाला हात गेलाच. सिस्टरांनी दोन्ही मनगटं धरली म्हणून निभावलं."

"धरली," दारातून सिस्टर म्हणाल्या. "केवढी ताकद लावावी लागली!"

बाईंनी वही मागवली. शेरा लिहिला: 'वर्तन असमाधानकारक. पर्यवेक्षण चालू ठेवावे.' मोठ्या साहेबांनी तो वाचला, मान डोलावली आणि आपला कागद घडी करून खिशात घातला.

ते गेले. सिस्टरही गेल्या. बाईंनी पेनाला टोपण लावलं, ते उशाखाली ठेवलं आणि डोळे मिटले. झोपल्या असं वाटून डॉक्टर हळूच उठले.

"दोनशे तीन," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "सातवर फार वेळ अडकलास रे आज."