नुसतं रीना

दगडी पायातला तोडा... मणी न् मणी सुटा दिसतोय, आणि तरी कॅमेऱ्यातलं चित्र हलतंय. रीनानं श्वास रोखला. ऊन तिरपं आहे तोवरच हे कोरीवकाम उठून दिसणार, मग सगळी भिंत सपाट. एवढ्यासाठी नागपूरहून अड्याळच्या पुढे या आडगावी आले मी, आणि लक्ष सगळं पाठीमागे — देवळाच्या दाराशी बसलेल्या म्हातारीकडे.

बूट चौथऱ्याखाली काढून ठेवलेत. घातले असते तर ही ओरडली असती. काढले, तर मनातली आई विचारतेय — काहून वं, पाया पडाले गेलती का? आई तिकडे कोंढ्याला जेवायला वाट बघत बसलीय. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरातलं कुणी देवळात गेलेलं नाही, आणि हे ती ताठ मानेनं सांगते. मी आत नाही गेले गं आई, बाहेरच्या भिंतीचाच... दगडाचा फोटो आहे हा, देवाचा नाही — अगं, पण कुणाला पटवून देतेय मी हे?

"कोण्या गावची वं बाई?" म्हातारी शेजारी येऊन उभी. हातात कुंकवाचा करंडा. "मी देवकाबाई. इथली झाडलोट मीच करतो."

"कोंढ्याची. नागपूरला असते."

"नाव?"

"रीना."

रीना! काय नाव ठेवलंय आईनं, कुठल्याही घरात खपून जातं. ऑफिसात, भाड्याची खोली शोधताना, नुसतं रीना म्हटलं की लोक छान हसतात, आणि मग तो पुढचा प्रश्न. आता येणार. काहीही ठोकून द्यावं का? कोण बघायला येणार आहे?

देवकाबाईनं कुंकवात बोट बुडवलं. "ये, कुकू लावू. इतक्या दुरून आली... आडनाव काय लावते तू?"

"गजभिये," रीना म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं.

कपाळापाशी आलेलं बोट थांबलं. देवकाबाईनं ते पदराला पुसलं. "बरं, बरं. तुमच्यात नाही लावत ना. आमच्या शेजारची पंचफुला बी नाही लावत." हसली, चांगलं हसली, आणि दाराकडे परतली.

रीनानं कॅमेरा डोळ्याला लावला, पण दिसेना काही. मान ठेवला तिनं माझा, की मला हात लावायचं टाळलं? लावलं असतं तर रस्त्यातच पुसून टाकलं असतं मी, आणि वर तिच्यावरच चिडले असते. नाही लावलं... तर कपाळ का जळतंय माझं? काय हवं होतं मला या बाईकडून? राग येतोय, भयंकर येतोय, आणि तो कुणावर काढायचा तेच मला कळत नाहीये.