पडत्या पुतळ्यांची खोली

दर्यापुरात किशोरच्या घरी त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिना, वर छताचं तापलेलं टिन, आणि मागच्या नव्या खोलीत चाळीसेक माणसं. सगळ्यांचे डोळे एका काचेच्या कपाटावर होते.

कपाटात किशोरनं सहा वर्षं हौसेनं जमवलेली खेळणी होती. वीतभर उंचीचे प्लास्टिकचे योद्धे, मोठ्या डोक्यांचे, काडीसारख्या पायांचे, तलवारी उगारलेले. किशोरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं; घरी आला की तो आधी कपाटापाशी जाई. पंधरा दिवसांपासून हे योद्धे रोज दुपारी आपोआप तोंडावर पडत होते. कुणी हात लावत नव्हतं, वारा नव्हता.

"कपाटात काहीच नाही," कवचनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले. "जे आहे ते घरात आहे. पुतळे फक्त साक्ष देतात." महाराज अंजनगावाकडून आले होते आणि साधं पाणी मागायचं तरी 'जलतत्त्व आणा' म्हणत. त्यांनी विभूतीच्या डबीत अंगठा घातला, एकेका योद्ध्याच्या पायाला विभूती लावली आणि त्याला फळीवर दाबून उभं केलं. तासाभरात महाराजांचा हात लागलेला एकही पुतळा हलला नाही. हात न लागलेले दोन मात्र सगळ्यांदेखत पडले. बायांनी पदर डोक्यावर ओढले.

मग महाराजांनी फरशीच्या मधोमध लिंबू ठेवलं. "ज्याच्याकडे जाईल, त्याच्या अंगात ती वाईट शक्ती."

लिंबू जरा थांबलं, हललं आणि घरंगळत सरळ दाराकडे गेलं. दारात पाण्याचा तांब्या घेऊन नीलम उभी होती. फेब्रुवारीत लग्न होऊन आलेली, किशोरची बायको, घरातली नवी सून.

"मी तं पानी द्याले आली होती," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

महाराजांनी उपाय सांगितला. नऊ दिवस सुनेनं याच खोलीत बंद राहायचं, एक वेळ जेवायचं, कुणाशी बोलायचं नाही. दहाव्या दिवशी ते तिला मठात नेणार. तिथं अकरा दिवस, एकटी. सासू दुर्गाबाईंनी तिचा फोन काढून घेतला. नीलमनं किशोरकडे पाहिलं.

"नऊच दिवस हायेत," तो खाली बघत म्हणाला. "घराच्या भल्यासाठीच हाये ना."

बाहेरून कडी लागली.

पहिले दोन दिवस ती रडली. खिडकीला जाळी होती आणि जाळीपलीकडे शेजाऱ्याची भिंत. आंघोळीपुरतं तिला सोडत, तेव्हाही दुर्गाबाई सोबत असत. दुपारी टिन असं तापे की भिंतीला पाठ लावता येत नसे. सगळ्यात वाईट होती ती भीती. आपल्यात खरंच काही असेल का, असं तिला वाटायला लागलं. समोर महाराजांचा हात न लागलेले पुतळे पडत तेव्हा ती स्वतःचे हात तपासून बघे.

तिसऱ्या दिवशी मात्र ती पडलेले पुतळे पुन्हा उभे करून नीट बघायला लागली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पुतळे सकाळी पडत नाहीत, टिन तापल्यावरच पडतात. कडक प्लास्टिकचे पडत नाहीत, मऊ पायांचे पडतात. तिनं एकाचा घोटा दाबला, तो उन्हात ठेवलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखा नरम लागला. आणि प्रत्येक पुतळा पुढेच, दाराकडेच पडतो. मागं एकही नाही.

मग तिनं महाराजांनी उभा केलेला एक योद्धा उचलायला घेतला. तो निघेना. जोर लावल्यावर निघाला, तर तळपायाला पांढरट चिकट गोळा होता, विभूतीत लोळवलेला.

तिनं तांब्यातलं थोडं पाणी फरशीवर सांडलं. पाण्याची धार सरळ दारापर्यंत गेली. वर बघितलं तर दाराच्या चौकटीवर बोटभर रुंद भेग. ती बार्शीटाकळीकडच्या शेतकऱ्याची लेक. उन्हाळ्यात काळी माती आकसते आणि पाय जाईल एवढी फाटते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ही खोली दोन वर्षांपूर्वी तशाच मातीवर, उथळ पायावर बांधलेली. अंगणाकडची, म्हणजे दाराची बाजू खचली होती.

तिनं दार वाजवलं. "आई, मले समजलं हे कसं होते ते. एकदा पाहा तं खरं."

"महाराजांनी बोलाले मना केलं हाये," दुर्गाबाई दाराआडून म्हणाल्या आणि निघून गेल्या.

नवव्या दिवसापर्यंत ती गप्प राहिली. समजूनही बंद राहणं हे न समजता बंद राहण्यापेक्षा जड होतं.

दहाव्या दिवशी महाराज आले, जीप घेऊन. लोकही जमले. दुर्गाबाई दारात उभ्या राहिल्या, सून पळू नये म्हणून.

"महाराज," नीलम कपाटाजवळून म्हणाली, "जाची तयारी हाये माही. पन एक डाव लिंबू ठेवून पाहा. माह्यातून गेलं का नाई, लोकायले तरी कळन."

लोकांनाही ते हवंच होतं. महाराजांनी मंत्र म्हणत लिंबू ठेवलं. ते दाराकडे घरंगळलं आणि दुर्गाबाईंच्या पायाला लागून थांबलं.

चाळीस चेहरे दुर्गाबाईंकडे वळले. शेजारची बाई एक पाऊल मागं सरकली. "मी नाई," दुर्गाबाई पुटपुटल्या. "मी काई केलं नाई."

"शक्तीनं... देह बदललाय," महाराज म्हणाले.

"शक्ती नाई, उतार हाये," नीलम म्हणाली. ती सासूजवळ जाऊन उभी राहिली. "आई, भिऊ नका. तुमच्यात काई नाई, माह्यातबी नव्हतं." तिनं दारातून सगळ्यांना बाजूला केलं, पाणी सांडलं, तेही तिकडेच गेलं. लिंबू तीनदा ठेवलं, तीनदा रिकाम्या दाराशी गेलं. मग तिनं किशोरला बोलावलं. "तुमचा आवडता पुतळा उचला. महाराजांनी ठेवलेला."

किशोरनं तो ओढून काढला. तळपायाचा चिकट गोळा बोटानं खरवडला आणि चिमटीत मळून बघितला. "अशीच चिकट माती ऑनलाईन भेटते," तो हळूच म्हणाला. "खेळनी फळीवर घट्ट बसवाले."

महाराज विभूतीची डबी उचलायला वाकले. नीलमनं ती आधीच घेतली होती; आत विभूतीखाली तीच चिकट माती होती. "हे इथंच राहीन. आन माहा फोन द्या. मानसाले असं कोंडायच्या विरोधात कायदा हाये."

जीप रिकामी गेली. संध्याकाळी ठाण्यात तक्रार लिहिली गेली, त्यात किशोरनं स्वतःची चूकही सांगितली. नीलम तरीही महिनाभर माहेरी राहिली. परत आली ती दुर्गाबाई स्वतः न्यायला गेल्या तेव्हा. किशोरनं कपाटाच्या पुढच्या पायांखाली लाकडी पाचर ठोकली, टिनावर ओली पोती अंथरली. योद्धे उभे राहिले.

वाचकहो, या घरात वाईट माणसं नव्हती. लिंबू आपल्या पायाशी येईपर्यंत दुर्गाबाईंना शंका आली नाही, एवढंच. तुमच्या घरात काही विपरीत घडलं, तर कुणामुळे घडलं हे विचारण्याआधी कशामुळे घडलं हे विचारा. एक वाटी पाणी फरशीवर ओतून बघायला मिनिट लागलं असतं. त्या मिनिटाऐवजी एका मुलीचे नऊ दिवस गेले.