थाळी कुणालाही चिकटते

वाशीला सिडकोच्या इमारतीखाली त्या दुपारी एवढी माणसं जमली होती, की भाजीवाल्याने आपली हातगाडीही तिकडेच वळवली. मधोमध पाटावर सात वर्षांचा दिलीप उघड्या पाठीने वाकून बसला होता आणि त्याच्या पाठीला काशाची थाळी चिकटली होती. ना दोरी, ना डिंक!

"बघा, कशी धरलीय!" विष उतरवणारे थाळीबुवा गरजले. "कुत्र्याचं विष भारी हाय. थाळी पितेय ते. पोट भरलं की आपसूक गळून पडेल. सुई नाय, डॉक्टर नाय!"

'सुई नाय' ऐकताच दिलीपच्या आईने, मालतीबाईंनी, हात जोडले. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हे त्या काळात सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि मालतीबाईंना पोराचं एवढंसं पोट दिसत होतं.

गर्दीत पहिल्या मजल्यावरची सुचित्रा होती. शिक्षणाने बी.ए., काळजीच्या बाबतीत एम.ए. लेकीला शिंक आली की ही थर्मामीटर झटकायची. त्याच काळजीपोटी तिने सुट्टीत बिल्डिंगमधल्या चिल्ल्यापिल्ल्यांना प्रथमोपचार शिकवायला घेतले होते. परिणाम असा, की झाडून सगळ्या बाहुल्या जायबंदी झाल्या आणि तळमजल्यावरचे आजोबा दुपारच्या झोपेतून उठले तेव्हा त्यांचा धडधाकट पाय फळकुटाला बांधलेला होता.

पण आज सकाळी दिलीपच्या पोटरीला चावून कुत्रं पसार झालं, तेव्हा मोठी माणसं जखमेत भरायला मिरचीपूड शोधत असताना याच पोरांनी त्याला नळाखाली बसवून पोटरी साबणाने धू-धू धुतली होती. सुचित्राची पाच वर्षांची स्मिता "अजून! अजून!" म्हणून ओरडत होती. पुढची पायरी होती, 'मोठ्यांनी डॉक्टरकडे न्यायचं.' तिथे मोठी माणसं नापास झाली.

"वहिनी, कुत्रं पिसाळलेलं असलं तर मागाहून उपाय नाही हो," सुचित्रा काकुळतीला आली. "आत्ताच न्या."

"तुमी कायम टेन्शनमध्येच! डोळ्यांना दिसतंय ना, चिकटलीय ती?" मालतीबाई म्हणाल्या.

चिकटली होती खरी.

तेवढ्यात थाळी खणकन खाली पडली. "उतरलं! विष उतरलं!" बुवा ओरडले. गर्दीने सुस्कारा सोडला. आणि स्मिता फ्रॉकची बटणं काढून बुवांकडे पाठ करून उभी राहिली.

"मला पण लावा."

"तुला कुठं चावलंय गं?"

"नाहीच चावलं. मग नाही चिकटणार ना? लावा!"

लोक हसले. बुवा मात्र हसले नाहीत. सुचित्राने मघापासून त्यांचे हात पाहिले होते. थाळी लावण्याआधी त्यांनी दिलीपच्या पाठीला 'मंत्राचं पाणी' चोळलं होतं. तिने बुवांचाच तांब्या घेतला, लेकीच्या पाठीला पाणी चोळलं आणि खोलगट थाळी तळहाताने दाबली. चिकटली!

"जुनं विष असंल," बुवा म्हणाले. "आतल्या आत ऱ्हातं."

"असं? थांबा हं." सुचित्राने थाळी सोडवली, पदराने पाठ कोरडी केली, घरातून टाल्कम पावडर आणून भरपूर थापली. थाळी लावली, ती सरळ घसरून खाली. "जुनं विष पावडरीने गेलं वाटतं!"

आता भाजीवाल्याला राहवेना. सदरा काढून तो म्हणाला, "ताई, आमाला बी." थाळी त्याच्याही ओल्या पाठीवर चिकटली.

"बुवा, सगळ्या वाशीला कुत्रं चावलं काय हो?" कोणीतरी विचारलं.

सुचित्रा मात्र हसत नव्हती. तिने दिलीपची पाठ पुन्हा ओली केली आणि थाळी दाबली. पुन्हा चिकटली.

मालतीबाईंचा चेहरा पडला. "अहो, विष तर उतरलं होतं ना?"

"थाळीला विषातलं काही कळत नाही, वहिनी. दाबली की आतली हवा बाहेर जाते, ओल्या कडेमुळे परत आत शिरत नाही, आणि बाहेरची हवा थाळीला दाबून धरते. पाठ वाळली, कडेतून हवा शिरली, की पडते. विष असो, नसो."

"आमची थाळी द्या," बुवा पुटपुटले.

मालतीबाईंनी दिलीपला उचलून कडेवर घेतलं. सात वर्षांचा घोडा, पाय लोंबत होते. "खूप दुखेल का हो त्याला?"

"दुखेल," सुचित्रा म्हणाली. "मी येते बरोबर. आधी रिक्षा बघू."

दुखलंच. इंजेक्शनं संपेपर्यंत दिलीपने रोज इस्पितळ डोक्यावर घेतलं आणि सुचित्राकाकूशी कट्टी धरली. मालतीबाईंनी मात्र एकही खेप चुकवली नाही.

कुत्रं चावलं तर साबण आणि वाहतं पाणी, चांगली पंधरा मिनिटं. मग थेट डॉक्टर. मिरची नको, चुना नको, थाळी नको. आणि चमत्कार दिसलाच, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ज्याला काहीच झालेलं नाही, त्याच्यावरही हा चमत्कार होतो का?