सातवी चौकट

माघ उतरणीला लागला होता. खाडीचं पाणी निळं नव्हतं, हिरवंही नव्हतं. धुक्यानं धुतलेलं, अजून कोणताच रंग न ल्यालेलं असं ते कोवळं पाणी होतं. पलीकडच्या तीरावर मिठागरांचे चौकोन उजळत होते, आणि एकेका चौकोनात एकेक आकाश थांबलं होतं. वारा पडला होता. ओहोटी नुकती लागली होती.

अलीकडच्या तीरावर चिऱ्याचं एक घर. त्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, काचेच्या तीनशे वाट्या ओळीनं मांडलेल्या. दोनशे नव्व्याण्णव रिकाम्या होत्या. एकीत जीव होता.

घर प्रभाकर तिरोडकरांचं. ते तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, आणि गाव त्यांना मास्तर म्हणे. मास्तरांचे प्राण त्या दिवसांत नखाएवढ्या एका खेकड्यात अडकले होते. याच खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळाशी राहणारा हा खेकडा. पण त्याच्या बालपणाची चित्रं आजवर कुणीच काढली नव्हती. जन्मापासून पहिल्या पावलापर्यंत सात रूपं, म्हणून कागदावर सात चौकटी. त्या सात चौकटी भरायच्या, एवढाच त्यांना ध्यास होता.

आणि खरंच, काय ती रूपं! मादीच्या उदराखाली सोनवर्णी अंड्यांचा घोस. मग तो तपकिरी, मग काळसर. मग एका भरतीला त्यातून सुटलेली धूळ, जिवंत, थरथरती, प्रकाशलुब्ध धूळ. कणाकणाला माथ्यावर काटा. कणाकणाला देहाहून थोर वाटणारे कृष्णनील डोळे. आईशी कसलंही साम्य नाही. पाण्यानं न्यावं तिकडे जायचं, उजेड दिसेल तिकडे वळायचं, हाच त्या वयाचा धर्म.

मग कण वाढतो, आणि त्याला आपलंच अंग अपुरं पडतं. पाठ उकलते, कात सुटते, आतून नवा देह बाहेर येतो. पुन्हा वाढणं, पुन्हा उकलणं. पाचव्या कातीला माथ्यावरचा काटा जातो, इवल्या नांग्या दिसू लागतात. पण शेपूट अजून मोकळी असते, पोहणं अजून सुटत नाही. मग सहावी कात. ती टाकली की शेपूट पोटाखाली दुमडते, आणि पोहणारा चालू लागतो. चालतो तोही तिरका. समुद्राचं बाळपण तिथं संपतं.

मास्तर रोज पाणी बदलत, मोजून चारा घालत, सूक्ष्मदर्शकातून पाहून चित्र काढत. वाटीमागून वाटी विझत गेली. सहा चौकटी भरल्या. सातवीसाठी एकच जीव उरला होता, शेवटच्या कातीच्या उंबरठ्यावर.

आणि घरात अनसूया होती, मास्तरांची बायको. पलीकडच्या आगरातली पोर. बाप मीठ पिकवी. तिचं बाळपण त्या शुभ्र चौकोनांत अनवाणी गेलेलं. अक्षराची ओळख बेताची, पण पाण्याची ओळख जन्माची. बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला की ती सांगे, हे पाणी किती उन्हं खाल्लेलं आहे. मास्तरांना याचं कौतुक नव्हतं. ते घरातही पुस्तकातलं बोलत, आणि बायकोशी फार बोलायची त्यांना गरज वाटत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

परीक्षेच्या कामासाठी मास्तरांना दोन दिवस परगावी जावं लागलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "वाटीला हात लावू नकोस."

तिनं लावला नसता. पण दुसऱ्या दिवशी ऊन सरकत सरकत वाटीवर आलं. पाणी खुणेच्या रेघेखाली गेलं, काचेवर पांढरी कड धरली. ती कड अनसूयेच्या ओळखीची होती. तिनं करंगळी बुडवली, जिभेला लावली, आणि तिला बाप आठवला. आगराच्या बांधावर बसून तो म्हणायचा, "पाणी जाता, मीठ रवता." पाणी उडून मीठ मागं राहिलं होतं, म्हणून तिनं चमच्यानं विहिरीचं गोडं पाणी घातलं. थेंब थेंब, दम घेत घेत, बरोबर रेघेपर्यंत. वाटी तिनं सावलीत सरकवली आणि ती स्वयंपाकाला गेली.

मास्तर परतले ते तिसऱ्या दिवशी सकाळी. चपला न काढताच ते खोलीत गेले. वाटीच्या तळाशी एक पारदर्शक देह पडला होता. हलत नव्हता. पाय पसरलेले, डोळ्यांवर पांढुरकी झाक.

"या वाटीत काय घातलंस?"

"वायच गोडा पाणी घातलंय. सुकान गेला होता."

"गोडं? समुद्राच्या जिवाला गोडं पाणी?" मास्तरांचा आवाज चढला. तीनशे वाट्या, सहा चौकटी आणि साऱ्या जागरणांचं ओझं त्या आवाजात उतरलं. "मारलंस तू त्याला! अडाणी ती अडाणीच राहिलीस. या खोलीत पुन्हा पाऊल टाकू नकोस."

कुंचल्याच्या टोकानं त्यांनी तो देह उचलला, कुपीत ठेवला. वाटी घेऊन ते मागच्या दारी आले आणि उरलेलं पाणी त्यांनी तिथल्या चिऱ्याच्या पायरीवर ओतून दिलं. अनसूया पायरीशीच उभी होती. तिची मान एकाएकी खाली झुकली, हात पुढं झाला, ओठ उघडले.

"एक शब्द बोलू नकोस!" मास्तर म्हणाले.

ओठ मिटले. हात खाली आला. चिऱ्यानं पाणी पिऊन टाकलं, आणि ऊन पुढं सरकलं.

संध्याकाळी मास्तरांनी कुपीतला देह भिंगाखाली ठेवला. ते पाहत राहिले. पाठ उकलली होती, काठाला काठ न लागता, सुबक, पूर्ण. आत काहीच नव्हतं. पायांत पाय नव्हते, डोळ्यांत डोळे नव्हते. तो देह नव्हताच, ती कात होती. सहावी कात, शेवटची. आतला जीव ती टाकून कधीच बाहेर निघाला होता, अनसूयेनं राखलेल्या पाण्यात पहिलं पाऊल टाकत होता. आणि मास्तरांनी, ज्यांनी जन्मभर मुलांना कात आणि कलेवर यांतला फरक शिकवला त्या मास्तरांनी, त्याला आपल्या हातानं पायरीवर ओतलं होतं.

उठून चार पावलं गेले असते तर स्वयंपाकघर होतं. चार पावलं! पण शहाण्या माणसाला चार पावलं कधी कधी खाडीएवढी रुंद वाटतात. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचा परवा झाला, परवाचं वर्ष झालं. पुढच्या माघात त्यांनी पुन्हा वाट्या मांडल्या. एकही जीव सहाव्या चौकटीपलीकडे गेला नाही. त्यानंतर खाडीत भराव पडला, तिवरं गेली, आणि तिवरांबरोबर तो खेकडाही गेला.

अनसूयेनं खोलीचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही. भांडण नाही, अबोला नाही. दुपारी चहा होई, कप उंबऱ्यावर ठेवला जाई, बांगड्या वाजत, मास्तर उठून कप घेत. रोज उंबरा, रोज कप, रोज तो बांगड्यांचा आवाज. बत्तीस वर्षं असा चहा प्यायले ते. एका शब्दानं तो उंबरा पुसता आला असता, आणि तो शब्द त्यांच्या तोंडातच होता.

पुन्हा माघ आला. मास्तर आता म्हातारे झाले होते. त्या दुपारी बांगड्या वाजल्या, तेव्हा त्यांनी कप घेतला नाही. त्यांनी टेबल ओढत ओढत उंबऱ्यापाशी आणलं, सूक्ष्मदर्शक त्यावर ठेवला, त्या कातीची जपून ठेवलेली काचपट्टी बसवली.

"अनसूया, बघ."

ती बाहेरच्या बाजूनं वाकली. बराच वेळ तिनं डोळा लावला.

"रिकामा आसा," ती म्हणाली.

"हो. ती कात होती. त्याच संध्याकाळी कळलं मला. तुझ्या पाण्यानं तो जगला होता. मारला तो मी." मास्तरांनी काचपट्टी काढून हातात घेतली. "मी तुला सांगितलं नाही. माझं चुकलं. फार चुकलं."

अनसूयेनं पदरानं कपाखालचं ओलं वर्तुळ पुसलं.

"माका ठावक होता," ती म्हणाली. "तुमी पाणी वतलात, तेव्हाच माका दिसली ती. तिळाएवढी कुर्ली. चिऱ्यार तिरकी चलत होती."

मास्तरांनी विचारलं, "खेकडा पाहिलास तू? मग बोलली का नाहीस?"

"बोलूक तोंड उघडलंय," ती हळूच म्हणाली. "तुमीच म्हटलात, एक शब्द बोला नको."

बाहेर ओहोटी लागली होती. मास्तरांनी जुना कागद काढला. सहा चौकटींत सहा रूपं, रेघन् रेघ जिवंत. सातवी कोरी, कडेनं पिवळलेली. त्यांनी तो तिच्यापुढं ठेवला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. जगात ते सातवं रूप पाहिलेले डोळे दोनच होते, आणि ते तिचे होते.

तिनं कोऱ्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग चौकटीच्या बाहेर, कागदाच्या अगदी कडेशी, एक ठिपका ठेवला.

"हयसर होती," ती म्हणाली. "मगे ऊन इला, आणि दिसली नाय."

पलीकडच्या तीरावर मिठागरं मावळतीनं तांबूस झाली. चौकोनामागून चौकोनातलं आकाश विझत गेलं, पाणी सरत गेलं, सरत गेलं. आणि तळाशी पांढरं मीठ राहिलं.