सासऱ्यांशेजारची खुर्ची

सासऱ्यांना थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन दिलं आणि इस्पितळात तेच काम करणाऱ्या माझ्या साडूचा भाव वधारला.

"दर आठ दिवसांनी निम्मं उरतं. एक अष्टमांश उरेपर्यंत कुणी जवळ बसायचं नाही," त्यानं बजावलं. सासरे त्याच्याकडे असे कौतुकानं बघत होते की माझ्या, थोरल्या जावयाच्या, पोटात दुखायला लागलं.

मी हिशेब केला: आठ दिवसांत अर्धं, म्हणजे सोळा दिवसांत सगळं साफ! सोळाव्या दिवशी शेजारची खुर्ची पटकावायला खोलीत घुसलो. साडूनं ठेवलेलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र असं कडकडलं की गल्लीतली कुत्री आजही त्याच तालात भुंकतात.

"अहो जावईबापू, निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव!" सासरे ओरडले. "आणखी आठ दिवसांनी या!"

चोविसाव्या दिवशी मी घरूनच खुर्ची उचलून नेली. साडू सासऱ्यांच्या पलंगावर बसला होता.